एफ-झीरो

एफ-झीरो हा निन्टेंडो या जपानी कंपनीने सुपर फॅमिकॉम या गृह-कन्सोलसाठी तयार केलेला, भविष्यकाळातील शर्यतींवर आधारलेला व्हिडिओ गेम आहे. २१ नोव्हेंबर १९९० रोजी जपानमध्ये सुपर फॅमिकॉमची विक्री सुरू झाली आणि त्याच दिवशी हा खेळही प्रकाशित झाला. उत्तर अमेरिकेत हे यंत्र सुपर निन्टेंडो या नावाने विकले गेले. तेथे हा खेळ १९९१ मध्ये आणि युरोपात १९९२ मध्ये उपलब्ध झाला. या खेळात खेळाडू जमिनीपासून किंचित वर तरंगणारे यान चालवतो आणि कठड्यांनी बंदिस्त अशा मार्गावर पाच फेऱ्यांची शर्यत पूर्ण करतो.

खेळाची निर्मिती निन्टेंडोच्या ईएडी या विभागात झाली. काझुनोबु शिमिझू हे दिग्दर्शक, शिगेरू मियामोतो हे निर्माते आणि यासुनारी निशिदा हे प्रोग्रामर होते. रेखाटने व पात्रांची रूपे ताकाया इमामुरा यांची असून संगीत युमिको कांकी आणि नाओतो इशिदा यांचे आहे.

भविष्यकाळातील वेगवान शर्यतींच्या खेळांचा एक स्वतंत्र प्रकार पुढे रूढ झाला. एफ-झीरो हा त्या प्रकारातील आरंभीच्या आणि सर्वाधिक प्रभावी खेळांपैकी एक मानला जातो.

पार्श्वभूमी

१९८०च्या दशकात शर्यतींचे खेळ प्रामुख्याने आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांवर लोकप्रिय होते. नामको कंपनीचा पोल पोझिशन (१९८२) आणि सेगा कंपनीचा आउट रन (१९८६) हे त्यांतील प्रसिद्ध खेळ होत. या पिढीच्या खेळांत रस्ता सामान्यतः आडव्या पट्ट्यांनी रेखाटलेला असे. वळण आले की पट्ट्या डावीकडे किंवा उजवीकडे सरकवल्या जात आणि त्यामुळे रस्ता वळल्याचा भास होई. मात्र या रेखाटनात गाडी खऱ्या अर्थाने वळत नसे. मागे फिरून आल्या वाटेने जाणे, रस्त्यावर आडवे उभे राहणे किंवा वळण आतल्या बाजूने कापणे यांना तेथे फारसा अर्थ नव्हता. घरगुती कन्सोलवर तर हा भासही बराच खडबडीत दिसे.

निन्टेंडोचा आधीचा फॅमिकॉम हा कन्सोल १९८३ मध्ये आला होता. त्याचा उत्तराधिकारी असलेला सुपर फॅमिकॉम विक्रीस आला तेव्हा त्याच्यासोबत दोनच खेळ उपलब्ध होते: सुपर मारिओ वर्ल्ड आणि एफ-झीरो. सुपर मारिओ वर्ल्ड हा आधीच लोकप्रिय असलेल्या मालिकेचा पुढील भाग होता. एफ-झीरोच्या मागे अशी कोणतीही पुण्याई नव्हती. नवे यंत्र काय करू शकते हे ग्राहकाला पहिल्या काही क्षणांतच दाखवणे हे त्याचे काम होते.

तांत्रिक रचना

सुपर फॅमिकॉममध्ये पार्श्वभूमीचे चित्र रेखाटण्याच्या आठ पद्धती होत्या आणि त्यांना शून्य ते सात असे क्रमांक होते. त्यांतील शेवटची पद्धत ‘मोड ७’ या नावाने प्रसिद्ध आहे. या पद्धतीत १०२४ × १०२४ पिक्सेलचे एक मोठे सपाट चित्र यंत्राच्या स्मृतीत ठेवता येते. हे चित्र लहान-मोठे करणे, फिरवणे आणि तिरपे करणे ही कामे यंत्रातील चित्रसंच स्वतःच करतो.

केवळ फिरवण्याने किंवा मोठे करण्याने खोलीचा भास होत नाही. टेबलावर एखादा नकाशा पसरून तो वरून पाहिला तर सर्व भाग सारख्याच अंतरावर दिसतात. तोच नकाशा टेबलाच्या कडेशी डोळे टेकवून पाहिला, तर जवळचा भाग रुंद दिसतो आणि दूरचा भाग आकसत जातो. एफ-झीरोमध्ये हा परिणाम साधण्यासाठी पडद्यावरील प्रत्येक आडव्या ओळीसाठी चित्राचे प्रमाण बदलले जाते. क्षितिजाजवळच्या ओळीत नकाशाचा मोठा पट्टा दाटीने बसवला जातो, तर तळाच्या ओळीत छोटासा भाग मोठा करून दाखवला जातो. टीव्हीवर चित्र ओळीओळीने उमटते. दोन ओळींच्या मधल्या अत्यल्प अवकाशात ही आकडेमोड यंत्राला पुरवली जाते.

अशा रीतीने दिसणारा रस्ता त्रिमितीय भासला तरी तो सपाटच असतो. शर्यतीचे मार्ग यंत्राच्या एका चित्रात मावणार नाहीत इतके मोठे असल्याने यान पुढे जाईल तसतसे नकाशाचे तुकडे बदलले जातात. खेळाडूचे यान पडद्याच्या तळाशी जवळजवळ एकाच जागी राहते आणि सारे जग त्याच्याभोवती फिरते. इतर याने लहान-मोठी करण्याची सोय या यंत्रात नव्हती. त्यामुळे दूरचे, मधले आणि जवळचे अशी प्रत्येक यानाची अनेक चित्रे आधीच काढून ठेवावी लागली.

या रचनेने खेळात गुणात्मक बदल घडवला. रस्ता हे आता एक स्थळ झाले. खेळाडू वळणाच्या आतल्या कडेला घासून जाऊ शकतो, कठड्यावर आपटून उलट्या दिशेला तोंड करू शकतो आणि इच्छा असल्यास मागेही फिरू शकतो. अर्थात, उलट दिशेने जाणाऱ्यास खेळ तत्काळ तसा इशारा देतो. पुढे सुपर मारिओ कार्टसारख्या काही खेळांच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे आपल्याकडे ज्यांना सर्रास ‘कॅसेट’ म्हटले जाते त्या डब्यांमध्ये, गणितासाठी एक जादा चिप बसवलेली असे. एफ-झीरोमध्ये अशी कोणतीही चिप नाही. जे दिसते ते मूळ यंत्राच्या बळावर दिसते.

कथानक

खेळातील घटना इ.स. २५६० मध्ये घडतात. मानवाचा परग्रहावरील जीवांशी संपर्क आलेला आहे आणि ग्रहांदरम्यानच्या व्यापारातून काही व्यक्ती अपार श्रीमंत झाल्या आहेत. सुखासीन आयुष्याला कंटाळलेले हे धनिक पृथ्वीवरील जुन्या फॉर्म्युला वन शर्यतींच्या धर्तीवर एक नवी शर्यत सुरू करतात. तिचे नाव एफ-झीरो. आरंभी या शर्यतींतील क्रौर्यामुळे लोकांत संताप उसळतो, परंतु हळूहळू लोक त्या धोक्याला सरावतात आणि अधिकाधिक थराराची मागणी करू लागतात.

हे कथानक प्रत्यक्ष खेळात सांगितलेले नाही. ते खेळासोबतच्या पुस्तिकेत येते आणि तिला कॉमिकचीही जोड आहे. त्या काळात कार्ट्रिजमधील जागा मर्यादित असल्याने पात्रांचा परिचय छापील पुस्तिकेतून करून देण्याची रीत होती. एफ-झीरोच्या खेळात चालकांचे चेहरे दिसत नाहीत, दिसतात ती त्यांची यानेच. तरीही कॅप्टन फाल्कन हे पात्र पुढे निन्टेंडोच्या सर्वपरिचित पात्रांपैकी एक झाले. हे पात्र मुळात नव्या कन्सोलचे प्रतीकचिन्ह व्हावे या कल्पनेतून रेखाटले गेले होते, असे इमामुरा यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे.

खेळाचे स्वरूप

शर्यत पाच फेऱ्यांची असते. ती पूर्ण करण्यासाठी केवळ शेवटपर्यंत टिकून राहणे पुरेसे नाही. प्रत्येक फेरीअखेर ठरावीक क्रमांकाच्या आत असावे लागते. पहिल्या फेरीअखेर पंधरावा क्रमांक चालतो. त्यानंतर ही मर्यादा अनुक्रमे दहावा, सातवा, पाचवा आणि अखेरीस तिसरा अशी आवळत जाते. मर्यादेबाहेर राहणारा खेळाडू त्या फेरीतच बाद होतो. नवख्याला सावरण्याची संधी पहिल्या फेऱ्यांत मिळते, शेवटच्या फेऱ्यांत मात्र चुकीला जागा उरत नाही.

शक्ती आणि हानी

प्रत्येक यानाला शक्तीची पट्टी असते. कठड्याला घासले किंवा दुसऱ्या यानाला धडकले की शक्ती घटते. ती संपली की यानाचा स्फोट होतो. घटलेली शक्ती भरून काढण्यासाठी मार्गाच्या कडेला एक खास पट्टा असतो. त्यावरून जाताना थांबावे लागत नाही, परंतु तो सहसा सर्वांत जवळच्या रेषेवर नसतो. त्यामुळे शक्ती भरून घ्यावी की वेळ वाचवावा, हा निर्णय प्रत्येक फेरीत करावा लागतो.

वेगवर्धन

प्रत्येक फेरी पूर्ण केल्यावर खेळाडूला एकदा वेग वाढवण्याची मुभा मिळते. हा साठा तीनपर्यंत करता येतो. पहिल्या फेरीत ही सोय नसते. वेगवर्धन सरळ रस्त्यावर वापरले तर त्याचा पुरेपूर लाभ मिळतो. उडीपूर्वी वापरले तर लांबचा पल्ला गाठता येतो, आणि वळणाआधी वापरले तर बहुधा कठडाच भेटतो. ते हाती येताच वापरायचे की राखून ठेवायचे, याची निवड खेळाडूच्या मार्गज्ञानावर अवलंबून राहते.

नियंत्रण

सुपर फॅमिकॉमच्या कंट्रोलरला वरच्या कडेला दोन बटणे होती. फॅमिकॉमच्या कंट्रोलरवर ती नव्हती. एफ-झीरोने या बटणांचा अर्थपूर्ण उपयोग केला. डावे किंवा उजवे बटण दाबले की यान त्या बाजूला झुकते आणि तीव्र वळण घेता येते. वेगाच्या बटणावरचे बोट क्षणभर उचलणे, यान झुकवणे आणि वळण संपण्याच्या किंचित आधी पुन्हा वेग घेणे, या तीन क्रियांचा मेळ जमणे हेच या खेळातील मुख्य कौशल्य आहे.

मार्गावर वेग देणारे पट्टे, उडी मारण्याच्या पाट्या, यानाला कडेकडे खेचणारी चुंबके आणि सुरुंग असे घटक पेरलेले असतात. उडी घेतल्यावर यान मार्गाबाहेर पडले तर शर्यत तेथेच संपते. हवेत असताना यानाचे नाक वर-खाली करून उडीचा पल्ला कमी-जास्त करता येतो.

याने आणि चालक

खेळाडूला चार यानांतून निवड करता येते.

* ब्लू फाल्कन: चालक कॅप्टन फाल्कन. सर्व गुणांत समतोल असल्याने नवख्यांस सोयीचे.
* गोल्डन फॉक्स: चालक डॉ. स्टुअर्ट. क्षणात वेग घेते, परंतु कमाल वेग कमी आणि बांधणी नाजूक.
* वाइल्ड गूस: चालक पिको हा परग्रहवासी. वजनदार आणि धडक सोसणारे.
* फायर स्टिंगरे: चालक सामुराई गोरो. कमाल वेग सर्वाधिक, ताशी ४७८ कि.मी., परंतु तो गाठण्यास सर्वाधिक वेळ लागतो.

या चौघांतील फरक केवळ आकड्यांपुरता नाही. फायर स्टिंगरे एकदा आपटले की गमावलेला वेग परत मिळवताना प्रतिस्पर्धी पुढे निघून जातात. त्यामुळे ते यान चुका न करणाऱ्याला भरभरून देते आणि चुकणाऱ्याला कठोर शासन करते. गोल्डन फॉक्सच्या चालकाला चूक लवकर सावरता येते, पण लांब सरळ रस्त्यावर तो मागे पडतो. यान निवडताना खेळाडू एका अर्थी स्वतःच्या कौशल्याचा अंदाज बांधत असतो.

मार्ग

एकूण १५ मार्ग असून ते तीन स्पर्धांमध्ये विभागलेले आहेत.

* नाइट लीग: म्यूट सिटी १, बिग ब्लू, सँड ओशन, डेथ विंड १, सायलेन्स.
* क्वीन लीग: म्यूट सिटी २, पोर्ट टाउन १, रेड कॅन्यन १, व्हाइट लँड १, व्हाइट लँड २.
* किंग लीग: म्यूट सिटी ३, डेथ विंड २, पोर्ट टाउन २, रेड कॅन्यन २, फायर फील्ड.

स्पर्धांची नावे बुद्धिबळाच्या परिभाषेतून घेतली आहेत: घोडा, वजीर आणि राजा. प्रत्येक स्पर्धेचा आरंभ म्यूट सिटीतच होतो. शहर तेच, पार्श्वभूमीही ओळखीची, मात्र प्रत्येक वेळी मार्ग अधिक अवघड झालेला असतो. आपण किती प्रगती केली हे खेळाडूला या पुनरावृत्तीतून कळते.

मार्ग सपाट असल्याने चढ-उतार हे साधन रचनाकारांच्या हाती नव्हते. त्यामुळे मार्गाची रुंदी, वळणांचा कोन, पृष्ठभागाचा गुण आणि कडेचे धोके यांतूनच विविधता आणावी लागली. डेथ विंडमध्ये वारा यानाला सतत एका बाजूला ढकलतो. व्हाइट लँडच्या बर्फावर यान घसरते. सायलेन्समध्ये काटकोनातील वळणे एकापाठोपाठ एक येतात. अखेरच्या फायर फील्डमध्ये आधीच्या मार्गांवर शिकलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीची परीक्षा होते. आरंभी नवखा, मध्यम आणि तज्ज्ञ असे काठिण्याचे तीन स्तर उपलब्ध असतात. तज्ज्ञ स्तरावर स्पर्धा जिंकल्यावर आणखी एक, मास्टर नावाचा स्तर खुला होतो.

संगीत

सुपर फॅमिकॉमचा ध्वनिसंच सोनी कंपनीचे अभियंते केन कुतारागी यांनी रचला होता. त्यात एका वेळी आठ स्वरप्रवाह वाजवता येत आणि खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने वापरता येत. त्यासाठी उपलब्ध असलेली स्मृती मात्र केवळ ६४ किलोबाइट होती. या चौकटीत कांकी आणि इशिदा यांनी रॉक व जॅझ यांच्या मिश्रणातून प्रत्येक स्थळाला स्वतंत्र धून दिली. म्यूट सिटी आणि बिग ब्लू यांच्या धुना पुढील खेळांत वेगवेगळ्या रूपांत पुन्हा योजल्या गेल्या. १९९२ मध्ये जपानमध्ये या संगीताच्या जॅझ रूपांतरांचा एक संग्रहही प्रकाशित झाला.

मर्यादा

एफ-झीरोवर वारंवार घेतला गेलेला आक्षेप म्हणजे तो एकट्यानेच खेळता येतो. शर्यतीच्या खेळात समोर जिवंत प्रतिस्पर्धी नसणे ही मोठी उणीव आहे. संगणकाने चालवलेले प्रतिस्पर्धी ही दुसरी मर्यादा होय. खेळाडू कितीही उत्तम चालवत असला तरी एखादे यान त्याच्या पाठीशी येऊन भिडतेच. यामुळे शर्यतीतील ताण टिकतो, पण मिळवलेली आघाडी खरी नव्हती असे वाटत राहते. शिवाय नामांकित चार यानांखेरीज इतर याने मार्गातील अडथळे म्हणूनच वावरतात. त्यांतील काही तर धडक बसताच फुटतात.

या उणिवांमुळेच खेळाच्या चाहत्यांचे लक्ष वेळेच्या विक्रमांकडे वळले. कार्ट्रिजमधील बॅटरीमुळे प्रत्येक मार्गावरील सर्वोत्तम वेळा यंत्र बंद केल्यानंतरही जतन होतात आणि त्या सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजल्या जातात. घड्याळाशी असलेल्या या स्पर्धेत प्रतिस्पर्ध्यांचा पक्षपात नडत नाही. यान, मार्ग आणि चालक एवढेच उरते. प्रकाशनाला तीन दशके उलटून गेल्यावरही निष्ठावंत खेळाडू याच प्रकारात नवे विक्रम नोंदवत आहेत.

प्रभाव

एफ-झीरोचा सर्वांत दूरगामी परिणाम त्याच्या उणिवेतून घडला असे म्हणता येईल. दोघांना एकाच वेळी खेळता येईल असा शर्यतीचा खेळ करावा, या उद्देशाने निन्टेंडोत प्रयोग सुरू झाले. पडदा दोन भागांत विभागल्यावर एफ-झीरोसारखे लांब, सरळ आणि अतिवेगवान मार्ग दाखवणे शक्य होईना. तेव्हा मार्ग आटोपशीर आणि वळणदार केले गेले, वेग कमी झाला आणि यानांच्या जागी छोट्या कार्ट गाड्या आल्या. त्यातून १९९२ मध्ये सुपर मारिओ कार्ट हा खेळ प्रकाशित झाला. आज जगभर परिचित असलेल्या मारिओ कार्ट मालिकेचा उगम असा आहे.

भविष्यकाळातील शर्यतींचा प्रकार इतर कंपन्यांनीही उचलला. ब्रिटनमधील सायग्नोसिस कंपनीचा वाइपआउट (१९९५) हा त्यांतील सर्वाधिक प्रसिद्ध होय. सेगा कंपनीच्या डेटोना यूएसए या आर्केड खेळाचे रचनाकार तोशिहिरो नागोशी यांनीही एफ-झीरोचे ऋण जाहीरपणे मान्य केले आहे. पुढे याच मालिकेतील एका खेळाची निर्मिती त्यांच्याकडे आली.

पुढील खेळ

मालिकेतील दुसरा प्रमुख खेळ एफ-झीरो एक्स हा १९९८ मध्ये निन्टेंडो ६४ या कन्सोलसाठी आला. त्यात मार्ग खरोखर त्रिमितीय झाले. रस्ता आकाशात चढू लागला, नळीच्या आतून-बाहेरून जाऊ लागला. एकाच शर्यतीत ३० याने असतात आणि चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. हे साधण्यासाठी दृश्यांतील बारकावे जाणीवपूर्वक कमी केले गेले. चौघांना एकत्र खेळण्याची सोयही त्यात होती.

याच खेळात मालिकेच्या नियमांतील सर्वांत महत्त्वाचा बदल झाला. वेगवर्धन आता स्वतंत्र बक्षीस राहिले नाही. पहिली फेरी संपल्यावर ते केव्हाही वापरता येते, परंतु प्रत्येक वेळी त्यासाठी यानाची शक्ती खर्च होते. धडका सोसण्यासाठी जी शक्ती हवी तीच वेगासाठी जाळायची असते. शेवटच्या वळणावर सर्व शक्ती वेगासाठी वापरणारा खेळाडू जिंकू शकतो, किंवा कठड्याच्या एका स्पर्शाने नष्ट होऊ शकतो. पहिल्या खेळात शक्ती भरून घ्यावी की वेळ वाचवावा असा जो पेच होता, तो येथे प्रत्येक क्षणाचा झाला.

२००१ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्ससाठी मॅक्सिमम व्हेलॉसिटी हा भाग आला. २००३ मध्ये सेगाच्या अम्यूझमेंट व्हिजन या गटाने नागोशी यांच्या नेतृत्वाखाली दोन जोड-खेळ तयार केले: गेमक्यूब कन्सोलसाठी एफ-झीरो जीएक्स आणि आर्केडसाठी एफ-झीरो एएक्स. गेमक्यूबच्या मेमरी कार्डवरील माहिती आर्केड यंत्रात नेण्याची सोय त्यांत होती. कन्सोलच्या बाजारात दीर्घकाळ एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या या दोन कंपन्यांचे सहकार्य त्या वेळी लक्षवेधी ठरले. जीएक्स हा वेग आणि काठिण्य या दोन्ही बाबतींत मालिकेचा उच्चांक मानला जातो.

२००३-०४ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर एफ-झीरोची ॲनिमेशन मालिका प्रक्षेपित झाली. ऑक्टोबर २००४ मध्ये एफ-झीरो क्लायमॅक्स हा खेळ केवळ जपानमध्ये प्रकाशित झाला. त्यानंतर सुमारे १९ वर्षे मालिकेत नवा खेळ आला नाही. या काळात कॅप्टन फाल्कन हे पात्र मात्र सुपर स्मॅश ब्रदर्स या मालिकेमुळे परिचित राहिले. १९९९ च्या पहिल्या भागापासून ते त्या मालिकेच्या प्रत्येक प्रमुख खेळात आहे. परिणामी त्याला ओळखणाऱ्या, पण त्याची शर्यत कधीच न खेळलेल्या खेळाडूंची एक पिढी तयार झाली.

१४ सप्टेंबर २०२३ रोजी निन्टेंडो स्विचसाठी एफ-झीरो ९९ हा खेळ आला. त्यात १९९० च्या खेळातील याने, मार्ग आणि चित्रशैली वापरली असून इंटरनेटवरून ९९ खेळाडू एकाच शर्यतीत उतरतात. वेगवर्धनासाठी शक्ती खर्च करण्याचा एफ-झीरो एक्समधील नियम येथे जुन्या सपाट मार्गांवर आणला गेला. एकट्याने खेळावा लागणारा म्हणून ज्याच्यावर टीका झाली होती, त्याच खेळाला ३३ वर्षांनी जिवंत प्रतिस्पर्धी लाभले.

उपग्रह-आवृत्त्या आणि जतन

एप्रिल १९९५ मध्ये जपानमध्ये सॅटेलाव्ह्यू ही सेवा सुरू झाली. सुपर फॅमिकॉमला एक जोडयंत्र लावून सेंट गीगा या उपग्रह-वाहिनीवरून खेळ उतरवून घेता येत असत. १९९६-९७ च्या सुमारास या सेवेवर बीएस एफ-झीरो ग्रँड प्रिक्स आणि त्याचा दुसरा भाग प्रक्षेपित झाला. त्यांत चार नवी याने आणि मूळ खेळात नसलेले मार्ग होते.

हे खेळ दुकानात कधीच विकले गेले नाहीत. ते पुन्हा लिहिता येण्याजोग्या स्मृती-डबीत साठवले जात आणि नवा खेळ उतरवला की जुना पुसला जाई. सेवा २००० मध्ये बंद पडली. जे मार्ग कोणाच्या डबीत शिल्लक राहिले तेवढेच वाचले, बाकीचे लुप्त झाले असे मानले जाई. मात्र काही खेळाडूंनी त्या काळी आपल्या शर्यती व्हिडिओ टेपवर मुद्रित करून ठेवल्या होत्या. २०२३ मध्ये चाहत्यांच्या एका छोट्या गटाने अशा मुद्रणांतील चित्रांवरून, संगणकीय साधनांच्या साहाय्याने, मार्गांचा नकाशा तुकड्या-तुकड्याने पुन्हा रचला. पडद्यावर तिरपे झालेले चित्र पुन्हा सपाट करणे हे या कामाचे सूत्र होते. मोड ७ जे करतो त्याच्या उलट दिशेने जाणारी ही प्रक्रिया आहे. हौसेखातर जपलेल्या घरगुती टेपांना त्यामुळे मूळ साधनाचे महत्त्व प्राप्त झाले. दुसऱ्या उपग्रह-आवृत्तीतील मार्ग पुढे निन्टेंडोनेही एफ-झीरो ९९ मध्ये समाविष्ट केले.

पुनर्प्रकाशन

मूळ खेळ २००६ मध्ये वी, २०१३ मध्ये वी यू आणि २०१९ मध्ये निन्टेंडो स्विच या कन्सोलवर पुन्हा उपलब्ध करून देण्यात आला. २०१७ च्या सुपर निन्टेंडो क्लासिक या छोट्या कन्सोलमधील अंतर्भूत खेळांतही तो होता. एफ-झीरो जीएक्स हा खेळ जून २०२५ मध्ये निन्टेंडो स्विच २ च्या विक्रीच्या आरंभापासून त्या कन्सोलवर उपलब्ध झाला.